चार गुवाहाट्या आणि वर एक रायपूर

आमच्या कॉलनीत परदेशाचं अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. टोरांटो दिल्लीहून किती लांब, असं इथल्या कोणालाही विचारा. उत्तर येईल, चार गुवाहाट्या आणि वर एक रायपूर. हे माप कारभारीनाना गांगुर्डे यांनी काढलं आणि आता ते आमच्या पोरांच्याही तोंडी बसलंय. एक गुवाहाटी म्हणजे लासलगावच्या बाजार समितीतून कांदा भरून निघालेला ट्रक गुवाहाटीला जाऊन उभा राहीपर्यंत जेवढा रस्ता तुडवतो तेवढी. ट्रकला त्यासाठी पाच-सहा दिवस लागतात. विमान तसल्या चार तुडवून वर रायपूर गाठतं ते तेरा-चौदा तासांत, आणि वाटेत चहालाही थांबत नाही. या शेवटच्या गोष्टीवर नानांचा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता.

नाना मूळचे चांदवडकडचे. जन्म गेला नाशिकच्या आडगाव नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, एक फोन या कानाला आणि दुसरा त्या. रस्त्यात असलेल्या गाड्यांना ‘कुठवर आलास’ एवढंच विचारणं हे त्यांचं काम. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कांदा हा फार मानी माल. जास्त दिवस ताडपत्रीखाली ठेवला की कोंब काढतो, रुसतो आणि वास सोडतो. त्यामुळे व्यापारी नानांचा जीव खाई, नाना ड्रायव्हरचा खात, आणि ड्रायव्हर खोटं बोले.

ते खोटं पकडायची नानांची एक परीक्षा होती. ते शांतपणे विचारत, ‘डाव्या हाताला काय दिसतंय?’ खरं बोलणारा वैतागून म्हणे, अंधार हाय, काय बी दिसत नाय. खोटं बोलणारा म्हणे, डाव्या हाताला पेट्रोल पंप हाय, त्याच्या पुढं मारुतीचं देऊळ हाय, देवळापुढं एक म्हातारा बसलाय, लाल टोपीवाला. म्हातारा आणि टोपी आली की नाना फोन ठेवत आणि व्यापाऱ्याला कळवत की गाडी अजून धुळ्याच्या पुढे गेलेली नाही. सहादू नावाचा एक ड्रायव्हर ‘नागपूर ओलांडलं’ असं छातीठोक सांगत होता, तेव्हा तो पारोळ्याला सासुरवाडीच्या ओसरीवर आमरस ओरपत बसलेला निघाला. त्यावरून नानांनी सिद्धान्त मांडला की रस्त्यावरच्या बहुतेक खोट्यांच्या तळाशी सासुरवाडी असते. तो त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलाय की मी सासुरवाडीला जाताना आता रजेच्या अर्जात खरं कारण लिहितो.

एवढ्या वर्षांत फोनवर खरं बोलणारा एकच माणूस नानांना भेटला, तो त्यांचा मुलगा अमोल. तेही शाळेत असल्यापासून. क्लास बुडवून सिनेमाला पळाला तरी विचारल्यावर सांगे, सिनेमात आहे पप्पा, डाव्या हाताला भिंत आहे. नाना घरी आल्यावर त्याला चोप देत आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर अभिमानाने ही हकिगत सांगत. पुढे अमोल इंजिनिअर झाला, टोरांटोला गेला, तिथे घर घेतलं. या सगळ्याचं नानांना कौतुक होतं, पण ते बेताचं. इंजिनिअर काय, आमच्या कॉलनीत दर दोन घरांआड आहे. नानांची छाती फुगे ती वेगळ्याच कारणाने.

‘शेकडो ड्रायव्हर झाले, भाऊसाहेब,’ ते मला म्हणत. ‘पण कुठं हायस विचारल्यावर जिथं हाय तिथंच सांगणारा आपला अमोल एकटा.’

तर हा अमोल पाच वर्षांनी घरी यायचा होता. बरोबर बायको वैष्णवी, तिचं माहेर पुण्याचं, आणि चार वर्षांचा सुयश. या नातवाला नानांनी अजून हात लावलेला नव्हता. फोनवर भेट व्हायची, पण त्यात कधी नुसतं कपाळ दिसे, कधी नुसते दात. नाना म्हणायचे, नातू हप्त्याहप्त्याने मिळतोय, एकदा अख्खा बघायचाय. टोरांटोहून दिल्ली आणि दिल्लीहून आपल्या ओझरच्या विमानतळावर, असा प्रवास ठरला होता. विमानाचा नंबर अमोलने कळवला आणि नाना माझ्याकडे आले. विमान कुठवर आलं हे मोबाइलवर दिसतं म्हणे, ते मला लावून द्या.

मी लावून दिलं. तेव्हापासून नानांना आमच्या कॉलनीत कोणी रिकामं पाहिलेलं नाही. मुलाला यायला अजून तीन आठवडे होते, पण नाना रोज त्याच नंबरच्या विमानाची रंगीत तालीम बघत. पडद्यावर पिवळं इवलंसं विमान टोरांटोहून उठे आणि दिल्लीकडे सरळ यायचं सोडून वर उत्तरेकडे, ग्रीनलंडच्या बाजूला सरके. नाना अस्वस्थ होत. हा ड्रायव्हर इतक्या लांबून का घालतोय, टोल चुकवतोय की काय, हा त्यांचा पहिला संशय. दुसरा, वर याची सासुरवाडी असणार. मी नकाशा, पृथ्वी, गोलाई असं बरंच सांगितलं. नानांनी ते, ड्रायव्हरचं गाडी पंक्चर झाल्याचं कारण ऐकावं, तसं ऐकून घेतलं. शेवटी मी त्यांच्याच स्वयंपाकघरातला एक मोठा कांदा आणला, त्यावर पेनाने टोरांटो आणि दिल्ली अशा दोन खुणा केल्या आणि मध्ये दोरा ताणून धरला. दोरा आपोआप देठाच्या बाजूने वर सरकून बसला. नाना कांद्याकडे बघत राहिले. कांदा खोटं बोलणार नाही, एवढा विश्वास त्यांना होता.

जाताना विमानाला जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, याचं कारण मात्र त्यांनी माझ्याकडून घेतलं नाही. मी म्हणालो, वरती पश्चिमेचा वारा असतो. ते म्हणाले, वारा कशाला, जाताना गाडी भरून जाते. लोणची, चिवडा, पापड, मेतकूट, सगळी माणसं लादून नेतात. येताना मोकळी येते. मोकळी गाडी पळणारच.

या सगळ्या काळात मैनाबाई, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, शांत होत्या. त्यांनी नानांचं विमान एकदाही पाहिलं नाही. येण्याच्या आठवडाभर आधी त्या दोन दिवस सिन्नरला बहिणीकडे जाऊन आल्या. त्या दोन दिवसांत नानांनी स्वतः केलेला चहा मी प्यायलो आहे, म्हणून लक्षात राहिलं. मैनाबाईंनाही नाना फोन करत, पोहोचलीस का विचारत. पण डाव्या हाताचा प्रश्न त्यांना विचारत नसत. बायकोला तो विचारायचा नसतो, असं त्यांचं मत.

आदल्या रात्री अमोलचा निरोप आला, बसलो विमानात. नानांनी तो मला दाखवला, शेजारच्या लहानूला दाखवला, दूधवाल्याला दाखवला आणि झोपायला गेले.

पहाटे ते माझ्या दारात उभे होते. पायात चपला नव्हत्या. मोबाइल पुढे करून म्हणाले, ‘भाऊसाहेब, हे बघा काय झालं.’

विमान परत टोरांटोला उभं होतं. रात्री समुद्रावर बरंच पुढे जाऊन त्याने तोंड फिरवलं होतं आणि आलं त्या वाटेने मागे गेलं होतं. यंत्रात काही बिघाड, अशी एका ओळीची बातमीही होती. सगळे प्रवासी सुखरूप, विमान उद्या निघेल. मी ती ओळ त्यांना दोनदा वाचून दाखवली. नाना पायरीवर बसले. अमोलला फोन लावला, तो लागला नाही. बिचारा पोराला घेऊन कुठे बसला असेल, तिथे थंडी किती, पोराला दूध मिळालं असेल का, या काळजीत त्यांनी माझ्याकडचा चहा गार केला. मग एकदम उठले आणि मला बजावलं की हे मैनाला सांगायचं नाही. तिने कालपासून पुरण घातलंय. ती हाय खाईल. उद्या विमान निघालं की मी बेताने सांगतो.

त्यांनी बायकोपासून ते दुःख लपवायचा सकाळभर असा काही प्रयत्न केला की कोणालाही संशय यावा. ते गाणं गुणगुणत होते. आयुष्यात प्रथमच.

अकराच्या सुमारास नानांचा फोन वाजला. मी तिथेच होतो. अमोल होता. नानांनी ‘अरे’ म्हणेपर्यंत तो म्हणाला, ‘पप्पा, दिल्लीला उतरलो. एकदम वेळेवर.’

नानांनी फोन कानापासून लांब धरला आणि दुसऱ्या हातातल्या माझ्या मोबाइलकडे पाहिलं. पिवळं विमान टोरांटोला होतं. मला वाटलं, आता ते ओरडतील. नाना ओरडले नाहीत. त्यांचा आवाज नाक्यावरचा झाला, सपाट आणि गोड.

‘बरं झालं. डाव्या हाताला काय दिसतंय?’

अमोल हसला. म्हणाला, ‘डाव्या हाताला कॉफीचं दुकान आहे पप्पा, त्याला लागून चपलांचं. समोर भिंतीवर ते नाचातल्या मुद्रांचे मोठाले हात लावलेत ना, ते दिसतायत. हातांच्या खाली एक सरदारजी झोपलेत, निळ्या पगडीवाले.’

पगडी आली आणि नानांनी डोळे मिटले. तेवढ्यात फोनमधून प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली. एक, आणि लगेच दुसरी. दिल्लीच्या विमानतळावर सगळं मिळत असेल, पण वरणभाताचा कुकर कोणी लावत असेल असं मला वाटत नाही. अमोल घाईघाईने सांगत राहिला की ओझरला घ्यायला येऊ नका, उन्हाचा त्रास घेऊ नका, टॅक्सी सांगून ठेवलीय, संध्याकाळी थेट घरी येतो. नाना बरं बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

‘पुणं,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘सासुरवाडी.’

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. त्यांचा चेहरा बघून गिळावंच लागलं.

मी आपलं काहीबाही सांगितलं. आजकालची मुलं, सुनेचं माहेर, आईला भेटायची तिची घाई, चार दिवस आधी तिकडे गेले असतील. नाना मान हलवत होते. चार दिवस राहू देत की, महिना राहू देत, असंच ते म्हणत होते. मला फक्त सांगायचं होतं. मी काय, गाडी अडवणार होतो का?

चारच्या सुमारास त्यांनी मला माझी गाडी काढायला लावली. ओझरला नाही, उलट्या दिशेला, पुणे रस्त्यावर शिंदे गावच्या टोलनाक्यावर. पुण्याहून येणारी गाडी कुठल्या तरी रस्त्याने येईल, पण त्या नाक्यातून गेल्याशिवाय नाशिकला लागणार नाही, एवढं ट्रान्सपोर्टवाल्याला कळतं. पलीकडे रसवंतीचं एक गुऱ्हाळ होतं. आम्ही तिथे बाकावर बसलो. नानांनी दोन ग्लास सांगितले आणि एकालाही तोंड लावलं नाही. त्यांना तिथे जाऊन काय करायचं होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. येतोय हे एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच म्हणत होते. मला वाटतं, आपला अंदाज चुकावा अशी त्यांची इच्छा होती. अंदाज चुकावा म्हणून नाना कुठे जाऊन बसल्याचं मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

पांढरी टॅक्सी आली. पुण्याचा नंबर, वर दोन मोठ्या बॅगा बांधलेल्या. टोलच्या रांगेत ती आमच्यासमोर थांबली. मागच्या सीटवर पोर तोंड उघडं टाकून झोपलेलं. अमोल अंगाने सुटलेला, गोरा झालेला. आणि वैष्णवी काय करत होती, तर विमानात गळ्यात घालतात ती उशी नवऱ्याच्या गळ्यात बसवत होती. घोड्याच्या नालेसारखी. बसवून झाल्यावर तिने मागे होऊन पाहिलं, पसंत पडलं नसावं, कारण मग तिने त्याचे केस विस्कटले. अमोलने खिडकीच्या काचेत बघून डोळे चोळले आणि एक जांभई देऊन पाहिली. चार गुवाहाट्या आणि वर एक रायपूर, एवढा थकवा त्याला दोन मिनिटांत तोंडावर आणायचा होता.

नानांना हसू फुटलं. खरंच फुटलं, खांदे हलायला लागले. तसे ते हलता हलता थांबले. टॅक्सी पुढे गेली.

‘हाक मारायची का?’ मी विचारलं.

‘नको. पोराने एवढी मेहनत घेतलीय.’ मग ते उठले. ‘मी काय बोलणार नाय, भाऊसाहेब. तुम्ही पण बोलू नका. मैना पाच वर्षं वाट बघतेय. तिला कळलं का पोरगं चार दिवस पुण्यात बसून होतं, तर तिला सहन व्हायचं नाय.’

आम्ही टॅक्सीच्या मागोमाग कॉलनीत पोहोचलो. अमोल बॅगा उतरवत होता, गळ्यात उशी तशीच. ‘पप्पा, कुठे होतात?’ म्हणून तो वाकला. नानांनी त्याला पोटाशी धरलं. प्रवास कसा झाला, असंही विचारलं. अमोल म्हणाला, मस्त, ओझरला तर अर्धा तास लवकरच उतरलं. नाना म्हणाले, हां, येताना गाडी पळते. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

मैनाबाई दारात आल्या. हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्यात पाणी. लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, डोळ्यांना पाणी लावायचं आणि मग आत घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. वाटेत लागलेली दृष्ट त्याने बाहेरच राहते. माणूस परगावाहून आल्यावर एकदाच करायचं, घरचा पहिला माणूस भेटतो तेव्हा. मैनाबाईंनी मुलावरून ओवाळलं, सुनेवरून ओवाळलं. मग त्या नातवासमोर आल्या. झोपेतून उठवलेला सुयश किरकिरत होता. नाना पुढे झाले, त्यांनी हात पसरले. पोर त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघून आईच्या मागे सरकलं. नवखं आहे, असं सगळे म्हणाले. मग त्याने मैनाबाईंच्या हातातली भाकरी पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

‘आजी, हे परत? त्या घरी केलं ना आपण?’

आणि तो आईला सोडून सरळ आजीच्या मांडीला जाऊन बिलगला, डोळे मिटून, आता पाणी लागणार हे ठाऊक असल्यासारखा.

मैनाबाईंचा हात हवेत राहिला. अमोलने गळ्यातली उशी काढली. आता ती कोणी सांगितलं नसताना त्याने का काढली, कोण जाणे.

नाना बायकोकडे बघत होते. सिन्नर हे पुण्याच्याच रस्त्यावर आहे. सिन्नरची बस पुढे पुण्याला जाते.

मैनाबाईंनी ओवाळणं पुरं केलं. तुकडा बाहेर टाकला, पोराच्या डोळ्यांना पाणी लावलं, त्याला उचलून कडेवर घेतलं आणि मग बोलल्या. ‘विहीणबाईंनी बोलावलं होतं. पोरगं प्रवासाने आजारी होतं. वैष्णवी म्हणाली, गर्दी नको, तुम्ही एकट्याच या.’

‘आणि तू गेलीस.’

‘तुम्ही आला असता तर तिथं पण विचारत बसला असता. किती वाजता निघाले, कुठं थांबले, पोराने काय खाल्लं. लोकांच्या घरात.’ त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘मला नातू बघायचा होता.’

‘मला पण बघायचा होता,’ नाना म्हणाले.

अमोल ‘पप्पा’ म्हणून पुढे आला, त्याला नानांनी हाताने थांबवलं, रागाने नव्हे. त्यांनी एक बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग दुसरी. पुरणपोळी सगळ्यांबरोबर खाल्ली, तुपाची धार स्वतः वाढली, नातवाला घास भरवून पाहिला. त्याने तो घेतला नाही, मग स्वतः खाल्ला. माझ्या पानात पोळी संपली की तेच आठवणीने ‘अजून घ्या भाऊसाहेब’ म्हणत होते. पण कोणाला त्यांनी प्रश्न म्हणून एक विचारला नाही. टोरांटोत थंडी किती, घर केवढं, नोकरी कशी, काहीच नाही. जन्मभर प्रश्न विचारून पोट भरलेला माणूस जेवणभर गप्प बसला, आणि आमच्या घरी परतताना माझी बायको म्हणाली, त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

पोरं पंधरा दिवस राहिली. सुयश हळूहळू नानांच्या अंगावर खेळायला लागला, त्यांच्या मिशा ओढायला लागला. नाना त्याला ट्रक दाखवायला नाक्यावर नेत. त्याच्याशी ते भरपूर बोलत. बाकीच्यांशी हवं तेवढंच. अमोलने दोनदा विषय काढला असं म्हणतात. दोन्ही वेळा नानांना अचानक नळाला पाणी आल्याचं आठवलं.

निघायच्या दिवशी मीच त्यांना ओझरला सोडलं. नाना आले होते. आत जाताना अमोल घुटमळला, खिशातून मोबाइल काढून म्हणाला, ‘पप्पा, विमानाचा नंबर पाठवतो. तुम्हाला बघता येईल.’

‘नको,’ नाना म्हणाले. ‘पोहोचलास का आईला फोन कर.’

अमोलचा चेहरा पडला. तो काही तरी बोलणार होता, पण रांग पुढे सरकली आणि वैष्णवीने हाक मारली. काचेपलीकडून सुयश हात हलवत होता, नानाही हलवत होते, पोर दिसेनासं होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना अंगणात पेपर वाचत बसलेले दिसले. सवयीने मी कुंपणाशी थांबलो आणि विचारलं, काय नाना, कुठवर गेलं विमान?

नानांनी पेपर खाली केला नाही.

‘ते आत विचारा,’ ते म्हणाले. ‘तिला ठाऊक असतं.’